मूर्ती लहान, श्वास तोकडा

मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये कुत्रा पाळण्याचा विषय निघाला की बहुतेक घरांत चर्चा एकाच हिशेबावर येऊन थांबते. घर लहान, तेव्हा कुत्राही लहान हवा. आणि लहान कुत्रा म्हटले की डोळ्यांपुढे जे दोन-तीन चेहरे येतात, त्यांत पगचा चेहरा हमखास असतो. काळे चपटे तोंड, कपाळावर काळजीच्या आठ्या, बटबटीत ओलसर डोळे आणि पाठीवर जिलबीसारखी वळलेली शेपटी. हिशेब सोपा आहे खरा, पण तो चुकीच्या टोकाकडून मांडलेला आहे. एखादी श्वानजात आपल्या घराला मानवेल की नाही, हे तिच्या आकारमानावरून कळत नाही. ती जात कोणत्या कामासाठी घडवली गेली, तिच्या शरीराची ठेवण कशी आहे आणि आपल्याकडची हवा त्या ठेवणीला सोसेल का, हे आधी पाहावे लागते. पगला जागा फारच थोडी लागते. त्याला कमी पडते ती हवा.

आपल्याकडे श्वानजातींची लोकप्रियता पडद्यावर ठरत आली आहे. १९९४ मध्ये ‘हम आपके हैं कौन’ झळकला आणि त्यातल्या टफीमुळे पांढऱ्याशुभ्र स्पिट्झला घरोघरी मागणी आली. २००३ मध्ये ‘हच’ या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एका लहान मुलाच्या मागोमाग सर्वत्र जाणारा चीका नावाचा पग दिसला आणि पुढची कित्येक वर्षे या जातीला ‘हचवाला कुत्रा’ हेच नाव पडले. २००७ मध्ये कंपनीचे नाव बदलून व्होडाफोन झाले, तरी कुत्रा तोच राहिला. त्या जाहिरातीची मोहिनी समजण्यासारखी आहे. मात्र काही सेकंदांच्या चित्रफितीत मुलाच्या मागे धावून आल्यावर त्या कुत्र्याला किती धाप लागते, तो रात्री कसा घोरतो आणि मे महिन्यात त्याचे काय होते, हे दिसत नाही. ते दाखवणे हे जाहिरातीचे काम नव्हेच. ते समजून घेणे हे पिल्लू घरी आणणाऱ्याचे काम आहे.

राजवाड्यातून दिवाणखान्यात

पग मूळचा चीनचा. तेथील राजदरबारात आखूड तोंडाच्या लहान कुत्र्यांचे शतकानुशतके लाड झाले. सोळाव्या-सतराव्या शतकांत डच व्यापाऱ्यांबरोबर ही जात युरोपात पोहोचली आणि हॉलंडच्या राजघराण्याची आवडती झाली. १६८९ मध्ये तिसरा विल्यम आणि मेरी हे दांपत्य इंग्लंडच्या गादीवर बसले, तेव्हा त्यांच्यामागून पगही तिकडे स्थिरावला. पुढे राणी व्हिक्टोरियालाही या जातीचा लळा होता. या साऱ्या इतिहासात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. पगला कोणी शिकारीसाठी वाढवले नाही, राखणीसाठी नाही, मेंढरे वळण्यासाठीही नाही. माणसाच्या सोबतीला असणे, एवढेच काम त्याला पिढ्यान्‌पिढ्या देण्यात आले. त्यामुळे तो माणसांवर जीव टाकतो, लहान मुलांच्या दंगामस्तीला सहसा कंटाळत नाही, पाहुण्यांवर धावून जात नाही, स्पिट्झसारखा दर पावलाच्या आवाजावर भुंकत नाही. भिंतीला भिंत लागलेल्या इमारतीत हे गुण अनमोल ठरतात, हे मान्यच करायला हवे.

विल्यम होगार्थ या इंग्लिश चित्रकाराने १७४५ मध्ये स्वतःचे एक व्यक्तिचित्र रंगवले. त्यात त्याच्या शेजारी त्याचा लाडका पग बसला आहे. आजच्या पगच्या मालकाने ते चित्र पाहिले तर त्याला ही आपलीच जात आहे हे चटकन पटणार नाही; कारण त्या कुत्र्याला चांगले ठसठशीत, पुढे आलेले मुस्कट आहे. त्यानंतरच्या काळात, विशेषतः श्वानप्रदर्शने सुरू झाल्यावर, अधिकाधिक चपट्या तोंडाच्या नर-माद्यांची निवड होत गेली. माणसाला बाळाचा चेहरा आवडतो. गोल डोके, मोठे डोळे, दबलेले नाक. पैदास करणाऱ्यांनी तो चेहरा कुत्र्यावर आणला आणि गिऱ्हाइकांनी तो उचलून धरला.

गोम येथेच आहे. कवटी आखूड झाली, पण तिच्या आतला ऐवज त्या प्रमाणात आखूड झाला नाही. जीभ तेवढीच, मऊ टाळू तेवढाच, नाकातल्या पडद्यांचे वेटोळे तेवढेच. वाड्यातले सगळे सामान एका खोलीत आणून कोंबावे आणि मग दरवाजा उघडायलाही वाट राहू नये, तशी ही अवस्था. नाकपुड्या फटीएवढ्या अरुंद होतात. लांबलेला टाळू घशात लोंबून श्वासाच्या वाटेत येतो. काही पगांमध्ये श्वासनलिकाही जन्मतः बारीक असते. अशा कुत्र्याला प्रत्येक श्वास जोर लावून ओढावा लागतो आणि वर्षानुवर्षांच्या या ओढाताणीने स्वरयंत्राच्या भिंतीही आत खचू लागतात. “आमचा पग किती गोड घोरतो,” असे कौतुकाने सांगितले जाते. पशुवैद्याच्या लेखी ते घोरणे म्हणजे वाट अडल्याची खूण असते. काही पग बसल्या बसल्या, तोंडात खेळणे धरून किंवा हनुवटी उंचावर टेकवून झोपतात. त्यातही मौज नसते. घसा उघडा राहावा म्हणून त्यांनी शोधलेली ती युक्ती असते.

ही तक्रार एखाद-दुसऱ्या दुर्दैवी पिल्लाची नाही. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या संशोधकांनी २०२२ मध्ये ब्रिटनमधील दवाखान्यांच्या नोंदींवरून पग आणि इतर कुत्रे यांची तुलना प्रसिद्ध केली. श्वासमार्ग अडण्याचा विकार पगमध्ये इतरांच्या सुमारे ५४ पट, अरुंद नाकपुड्या सुमारे ५१ पट आणि डोळ्याच्या बुबुळावरील जखमा सुमारे १३ पट अधिक आढळल्या. आरोग्याच्या दृष्टीने पगला आता सर्वसाधारण कुत्रा म्हणता येणार नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. नेदरलँड्समध्ये २०१९ मध्ये निकष ठरवण्यात आला की, ज्याच्या मुस्कटाची लांबी कवटीच्या एक तृतीयांशाहून कमी आहे, अशा कुत्र्याची पैदास करता येणार नाही. ज्या डचांनी पग युरोपात नेला, त्यांच्याच देशाने त्याच्या आजच्या चेहऱ्याला नकार द्यावा, हा काव्यगत न्यायच म्हणायचा.

उकाडा आणि दमटपणा

ब्रिटनच्या थंड हवेत ही स्थिती, तर महाराष्ट्रात काय होत असेल? कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. तळपायांवर थोडा येतो, तेवढाच. अंगातली उष्णता बाहेर टाकण्याचा त्याचा मुख्य मार्ग म्हणजे जीभ बाहेर काढून जलद धापा टाकणे. नाकातून, तोंडातून, जिभेवरून हवा वेगाने खेळते, ओल वाफ होऊन उडते आणि रक्त निवते. ज्याचे नाकच दबलेले आहे, त्याच्याकडे ही ओलसर जागा मुळात कमी. त्यात जोरजोराने धापा टाकल्या की घशाचा टाळू सुजतो, वाट आणखी अरुंद होते आणि धापा टाकण्याच्या श्रमानेच अंगात नवी उष्णता तयार होते. थंड होण्याचा उपायच तापवू लागतो.

नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. तेथे दुपारी कुत्र्याला बाहेर काढू नये हे कोणालाही कळते, कारण तो उन्हाळा डोळ्यांना दिसतो. मुंबई, ठाणे आणि कोकणपट्टीचा धोका अधिक फसवा आहे. तापमान ३३-३४ अंशच असते. पण हवेत ओल इतकी असते की जिभेवरचे पाणी उडतच नाही. एप्रिल-मे आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी सहा वाजता, ऊन उतरले म्हणून फिरायला नेलेला धष्टपुष्ट पग अर्ध्या तासात कोसळू शकतो. कुत्र्याच्या शरीराचे तापमान साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सियस असते. ते ४१ अंशांच्या वर गेले की मेंदू, मूत्रपिंडे, आतडी यांच्यावर आघात सुरू होतो आणि तेथून पुढे वेळ मिनिटांत मोजावा लागतो. जीभ गडद लाल वा जांभळट होणे, लाळ दाट होऊन तारा लागणे, श्वासाला घरघर येणे, चाल लडखडणे ही लक्षणे दिसताच अंगावर साधे गार पाणी ओतावे, पंख्याचा वारा घालावा आणि त्याच घाईने दवाखाना गाठावा. “थोडा वेळ झोपू दे, होईल बरा,” असे म्हणण्यात कुत्रा जातो.

म्हणून पग आणू पाहणाऱ्या घराने स्वतःला विचारण्याचा पहिला प्रश्न घराच्या चौरस फुटांचा नसावा. मार्च ते जून या चार महिन्यांत भर दुपारी घरातली सर्वांत गार खोली किती गार असते, तो प्रश्न विचारावा. वरच्या मजल्यावर स्लॅबखालचे, पश्चिमेकडे खिडक्या असलेले, दिवसभर बंद राहणारे घर असेल तर पगला वातानुकूलित खोली ही चैन नसून गरज ठरते. वीज गेली, घरी कोणी नाही, अशा दोन तासांत काय होईल याचाही विचार हवा. सकाळी सातच्या आत आणि सूर्य मावळून रस्ता निवल्यावर, अशा दोन छोट्या फेऱ्या त्याला पुरतात. उन्हाळ्यात डांबरावर आपल्या हाताची पाठ सात-आठ सेकंद टेकवून पाहावी. हाताला सोसवले नाही, तर पंजालाही सोसवणार नाही.

गाडीत काचा बंद करून ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणणे कोणत्याही कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते; पगच्या तर नक्कीच. प्रवासाचाही विचार आधीच करावा. अनेक विमान कंपन्या चपट्या तोंडाच्या जाती सामानाच्या कक्षातून न्यायला तयार नसतात, आणि त्याला कारण आहे. रेल्वेत पहिल्या वर्गाचा पूर्ण कूपे आपल्या नावावर असेल तर कुत्रा सोबत नेता येतो. एरवी त्याची रवानगी गार्डाच्या डब्यातील पिंजऱ्यात होते. मे महिन्यात तशा पिंजऱ्यातून पग नेणे म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणे होय. गणपतीला, शिमग्याला गावी जाणाऱ्या घरांनी हा प्रश्न पिल्लू आणण्याआधीच सोडवलेला बरा. मागे राहून कोण सांभाळणार, हे त्या वेळी ऐन घाईत ठरत नाही.

डोळे, घड्या आणि वजन

श्वासाखालोखाल काळजी डोळ्यांची. पगचे डोळे उथळ खोबणीत बसवल्यासारखे बाहेर आलेले असतात आणि पुढे आलेले नाक नसल्याने काहीही आधी डोळ्यालाच लागते. कुंडीतली काटेरी फांदी, मांजराचा पंजा, सोफ्याचा कोपरा, काहीही. डोळा मिचकावणे, पाणी येणे, पांढरट ठिपका दिसणे याला घरगुती उपाय नाही. त्याच दिवशी पशुवैद्याकडे जावे लागते. मानेला जोराचा हिसका बसला तर डोळा खोबणीबाहेर येण्याचे प्रकारही या जातीत घडतात. यासाठी पगला गळ्यात पट्टा बांधून ओढू नये. छातीवरून येणारा हार्नेस वापरावा. त्याने घशावरचा दाबही टळतो.

चेहऱ्यावरच्या ज्या घड्यांवर माणसे भाळतात, त्यांच्यात ओल, घाण आणि अश्रू साठून त्वचा कुजते. दर एक-दोन दिवसांनी त्या पुसून कोरड्या कराव्या लागतात, पावसाळ्यात तर रोजच. शेपटीची जिलबीही निरुपद्रवी नसते. कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, असे आपण म्हणतो. पगचे शेपूट वाकडे असते ते मणक्यांची घडण वेडीवाकडी असल्यामुळे, आणि तसे मणके काही कुत्र्यांत पाठीतही असतात. मग मागचे पाय लुळे पडू लागतात. गुडघ्याची वाटी सरकणे हाही लहान जातींचा नेहमीचा आजार. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांनी सात-आठ किलोंचे हे ओझे रोज चार वेळा उचलण्याची तयारी ठेवावी. जातीच्या मानकानुसार पगचे वजन साधारण ६.३ ते ८.१ किलो असावे. आपल्याकडे बारा-बारा किलोंचे पग दिसतात आणि त्यांना ‘तब्येतीने छान’ म्हटले जाते. गळ्याभोवती चरबी साठली की आधीच अरुंद असलेली वाट आणखी आवळली जाते, हे लक्षात घेतले तर ती ‘छान तब्येत’ किती महाग आहे ते कळेल.

आणि पग खादाड आहे! ताटाशेजारी बसून तो ज्या नजरेने पाहतो, त्या नजरेपुढे घरातली आजी हमखास विरघळते. पोळीचा तुकडा, चहातले बिस्किट, वरणभाताचा घास असे करत दिवसाचा शिधा दुप्पट होतो. मराठी स्वयंपाकघरात आणखी एक धोका आहे, ज्याची जाणीव फार थोड्यांना असते. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात, आणि आपल्या आमटी-भाजीत ते नसतील असे क्वचित. शिऱ्यातले बेदाणे, द्राक्षे मूत्रपिंडांना बाधतात. चॉकलेट तर विषच. ज्या घरात चार माणसे चार वेळा प्रेमाने भरवणार, तेथे भरवण्याचे काम एकाच माणसाकडे सोपवणे हा नियम पहिल्या दिवसापासून हवा.

आखूड केसांचा म्हणून पगचे केस गळत नसतील, हाही एक गैरसमज. फिकट रंगाचा पग बारा महिने केस गाळतो. काळ्या पँटवर, सोफ्याच्या कापडावर ते रुतून बसतात. घरात कोणाला दमा वा अ‍ॅलर्जी असेल, तर पिल्लू आणण्यापूर्वी त्या व्यक्तीने पग असलेल्या घरात तीन-चार वेळा तास-दोन तास बसून यावे.

घरी कोण असते?

सोबतीसाठी घडवलेल्या कुत्र्याला सोबत लागते, ही गोष्ट इतकी उघड आहे की ती विसरली जाते. नवरा-बायको दोघे सकाळी आठला लोकल पकडणार, मूल शाळेतून थेट क्लासला जाणार आणि घर संध्याकाळी साडेसातला उघडणार, अशा दिनक्रमात पग म्हणजे बंद दारामागचे दहा-अकरा तासांचे एकटेपण. तो फार भुंकणार नाही कदाचित. पण चपला कुरतडेल, घरात घाण करेल, अंग चाटून चाटून जखमा करून घेईल. पिल्लाला पहिले तीन-चार महिने दर दोन-तीन तासांनी बाहेर किंवा ठरलेल्या जागी न्यावे लागते, याचीही तजवीज हवी.

‘आई-बाबा घरी असतातच, त्यांनाही विरंगुळा होईल,’ असा तोडगा पुष्कळ घरांत निघतो. तो कधी कधी फार चांगला ठरतो. एकट्या पडलेल्या वृद्धाला दिवसाचे वेळापत्रक आणि बोलायला एक जीव मिळतो. पण पगची सवय पायात घोटाळण्याची. सत्तरी ओलांडलेल्या, गुडघे दुखणाऱ्या, रात्री अंधारात उठणाऱ्या माणसाला पायाशी झोपलेला आठ किलोंचा कुत्रा म्हणजे पडण्याचे निमंत्रण. म्हणून ज्यांच्या जिवावर कुत्रा आणायचा, त्यांना आधी विचारावे. आणि त्यांनी नाही म्हटले, तर ते नाही समजावे. मुलाच्या वाढदिवसाची भेट म्हणून पिल्लू आणण्याविषयीही हेच. नऊ वर्षांचे मूल आठवडाभर मन लावून कुत्र्याचे करील. पिल्लू मात्र दहा-बारा वर्षे राहणार आहे. तोवर ते मूल महाविद्यालयात, कदाचित दुसऱ्या शहरात गेलेले असेल. काम अखेर आईवर किंवा बाबांवर येणार, हे गृहीत धरूनच होकार द्यावा.

सोसायटीची भीती मात्र वाटते तेवढी खरी नाही. भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण संस्थेला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, तसा बहुमताचा ठराव असला तरीही. लिफ्टच्या वापरासाठी वेगळे पैसे आकारता येत नाहीत. अर्थात महापालिकेचा परवाना घेणे, रेबीजची लस वेळेवर टोचणे, आवारात पट्ट्याशिवाय न सोडणे आणि केलेली घाण उचलणे ही मालकाची बाजू आहे. भाडेकरूंनी आपला करारनामा नीट वाचावा. घरमालकाने घातलेली अट ही सोसायटीच्या ठरावाहून निराळी बाब असते.

लसींमध्ये रेबीजखेरीज डिस्टेंपर आणि पार्व्हो यांना पर्याय नाही. मुंबईकरांनी लेप्टोस्पायरोसिसची लस विशेष लक्षात ठेवावी. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर या रोगाने माणसांचे किती बळी घेतले, ते शहर विसरलेले नाही. उंदरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात उतरणारा तो जंतू कुत्र्यालाही होतो आणि कुत्र्याकडून माणसालाही. गोचिडांमुळे होणारा ताप हाही आपल्या हवेतला कायमचा पाहुणा.

घेताना

हे सारे वाचूनही पगच हवा असेल, तर पिल्लापेक्षा त्याचे आईबाप पाहावेत. केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे कुत्र्यांची पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असायला हवी, आणि आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही. रस्त्याच्या कडेला टोपलीत, किंवा ‘गाडीतून आणून देतो’ म्हणणाऱ्याकडून पिल्लू घेऊ नये, ते कितीही स्वस्त असो. आई दाखवायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून तर मुळीच नाही. आई समोर आली की तिला तीन मिनिटे दुडक्या चालीने चालवायला सांगावे. इंग्लंडमध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या तज्ज्ञांनी आखलेली पगच्या श्वासाची तपासणी याच धर्तीची आहे. तेथे पशुवैद्य चालण्याआधी आणि नंतर घशाशी स्टेथोस्कोप लावून ऐकतो. घरच्या माणसाला स्टेथोस्कोप लागत नाही. तीन मिनिटांनंतर खोलीच्या दुसऱ्या टोकाला घरघर ऐकू येत असेल, तर तिची पिल्ले घेऊ नयेत. नाकपुड्या समोरून पाहाव्यात. त्या उघड्या स्वल्पविरामासारख्या असाव्यात. नुसती उभी रेघ दिसत असेल, तर पुढे शस्त्रक्रिया करून त्या रुंद कराव्या लागण्याचा संभव मोठा. ‘फेस जितका दबलेला तितकी किंमत जास्त,’ असे विक्रेता सांगतो. आरोग्याच्या हिशेबात याच्या नेमके उलट धरावे.

नाकपुड्या रुंद करणे आणि टाळू कापून आखूड करणे या शस्त्रक्रिया मोठ्या शहरांत होतात. मुंबईत परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे, महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचे लहान प्राण्यांचे रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झाले, खासगी दवाखानेही आहेत. जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्यांनी मात्र सर्वांत जवळचा असा दवाखाना किती तासांवर आहे, ते आधी पाहून ठेवावे. आपल्याकडे आता कुत्र्यांचा विमा मिळतो. परंतु जन्मजात दोष त्यातून वगळलेले आहेत का, हे पॉलिसीच्या बारीक अक्षरांत शोधावे. पगचे मोठे खर्च नेमके त्याच वर्गात मोडतात.

दुसऱ्या छोट्या जातींकडे वळावे, तर प्रत्येकीचे आपले मागणे आहे. स्पिट्झला आपल्याकडची हवा बऱ्यापैकी मानवलेली आहे आणि त्याला लांब नाक आहे, पण त्याचे भुंकणे शेजाऱ्यांना मानवेल का, हा प्रश्न. ल्हासा अप्सो आणि शिह त्झू यांचे केस रोज विंचरावे लागतात. दमट हवेत ते आखूड कापून ठेवलेले बरे, आणि शिह त्झूचेही तोंड चपटेच. डॅशहुंड हुशार, इमानी, पण त्याच्या लांबलचक पाठीला जिने आणि सोफ्यावरच्या उड्या वर्ज्य. बीगल लहान दिसतो म्हणून फसू नये. तो वासामागे धावणारा शिकारी आहे आणि फ्लॅटमध्ये त्याची घुसमट होते. आणि गल्लीतले आपले देशी पिल्लू? ते मोठे होऊन पंधरा-वीस किलोंचे होते, त्याला रोज चांगले चालवावे लागते. पण श्वास मोकळा, कातडी चिवट, उन्हापावसात तरून गेलेले रक्त. तास-दीड तास फिरवण्याची तयारी असलेल्या घराने लहान-मोठ्याचा हट्ट सोडून त्याचा विचार अवश्य करावा.

पगवर जीव जडलाच असेल, तर आणखी एक वाट आहे. जाहिरातीच्या लाटेत घेतलेले आणि मग आजारपण, बदली, परदेशगमन अशा कारणांनी सोडून दिलेले प्रौढ पग प्राणिसंस्थांकडे येत असतात. तीन-चार वर्षांच्या अशा कुत्र्याचा स्वभाव, वजन, डोळे, श्वास हे सारे डोळ्यांसमोर असते. पिल्लाच्या बाबतीत जे नशिबावर सोडावे लागते, ते येथे तपासून घेता येते. तो आणण्यापूर्वी एका दुपारी त्याला झोपलेला पाहून यावे आणि झोपेतल्या श्वासाचा आवाज ऐकावा. जमल्यास तो आवाज मोबाइलवर टिपून आपल्या पशुवैद्याला ऐकवावा, आणि दत्तकपत्रावर सही त्यानंतर करावी.